भोंग्याची ओळ

हसणार असाल तर खुशाल हसा. पण हे माझ्या सख्ख्या मावसभावासोबत, रितेशसोबत घडलंय. गेल्या चैत्रात, महाडजवळच्या बिरवाडीत. तेही टळटळीत दुपारी.

रितेशचं ऑफिस तिथेच, छोटंसं. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीसाठी ते सॉफ्टवेअर लिहितात. वायू गळला की भोंगा वाजवायचा, हे त्यातलं मुख्य काम. त्याच कंपनीत त्याचे वडील, आमचे सोनबाकाका, पाळीवर असतात. म्हणजे बापाचा जीव पोराच्या कोडवर!

रितेश आणि त्याचा जोडीदार साहिल एडिटरमध्ये एकच फाईल उघडून काम करायचे. एकाच्या स्क्रीनवर दुसऱ्याचा कर्सर नावासकट दिसायचा. चाचणी घेताना उगाच भोंगा कोकलू नये म्हणून रितेश भोंगा वाजवणाऱ्या ओळीच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा मारायचा. ओळ बंद. कोड कंपनीत पाठवण्याआधी रेघा पुसायच्या साहिलने. ठरलेलंच होतं.

होळीच्या आधी पोलादपूरजवळ साहिलच्या बाईकला अपघात झाला. जागीच गेला बिचारा. सोनबाकाका त्याला ओळखत नव्हते, म्हणून रितेशने घरी काही सांगितलं नाही.

त्या दुपारी रितेशच्या एकदम ध्यानात आलं...

साहिल गेल्यापासून रेघा कोण पुसतंय?

रितेशने स्वतः तर एकदाही पुसल्या नव्हत्या. आणि कंपनीत भोंगा तपासायचे तेव्हा तो नीट वाजत होता.

"राजनंदिनी, भोंग्याची ओळ तू चालू करतेस ना गं?" त्याने नव्या मुलीला विचारलं.

"मी? सर, मी ती फाईल अजून उघडलीपण नाय."

त्याने फाईल उघडली. रेघा होत्या.

तो कीबोर्डला हात न लावता बघत बसला...

एक रेघ गेली.

मग दुसरी.

तिथेच हिरवा कर्सर लुकलुकत होता. वर नाव... साहिल.

त्याने इंटरनेटची वायर उपटली. तरी कर्सर तिथेच लुकलुकत राहिला.

शेजारची साहिलची खुर्ची रिकामीच होती. तिच्याकडे बघायचीही रितेशला भीती वाटायला लागली. त्याने वायर परत लावली आणि घाईघाईत प्रोजेक्टमधून साहिलचं नाव काढून टाकलं.

कर्सर गेला. हुश्श!

मग नेहमीसारख्या रेघा मारल्या, चाचणी घेतली, कोड कंपनीत पाठवला आणि चहाच्या टपरीवर गेला. माणूस भानावर होता कुठे! रेघा पुसायच्या राहिल्या त्या राहिल्याच.

टपरीवर बसतो न बसतो तोच वसाहतीकडे अग्निशमनच्या गाड्या धावताना दिसल्या. गाड्यांचा आवाज येत होता.

भोंग्याचा... नाही.

त्याने वडिलांना फोन लावला.

"बाबा! कुठे आहात?"

"भायेर हाय रे. समदी भायेर हाव. आत वायू सुटला."

"भोंगा वाजला?"

"नाय वाजला. तुझ्या हापिसातला पोरगा धावत आला म्हनून वाचलो बघ. गळ्यात तुमचं कार्ड हुतं. एकेकाला हाताला धरून भायेर काढलान."

"कोण पोरगा?"

"साहिल म्हनाला नाव."

रितेश टपरीच्या बाकावरून उठून उभा राहिला.

"आयकतोस ना रे? आमाला काढून तो परत आत गेला. म्हनाला, भोंगा चालू करून येतो. अजून आला नाय. त्याच्या आयशीला काय सांगायचं रे आता?"

आणि तेवढ्यात फोनमधून भोंगा ऐकू आला...

अग्निशमनच्या माणसांनी संध्याकाळपर्यंत शोधलं. आत कोणी सापडलं नाही. ओळ तर अजून बंदच होती, रितेशने परत परत पाहिलं.

साहिलचं नाव त्याने पुन्हा जोडलंय. कर्सर काही आला नाही. पण अधूनमधून भर दुपारी, वायूबियू काही नसताना, भोंगा वाजतो. लोक वैतागून बाहेर येतात. सोनबाकाका मात्र गेटपाशी आतल्या दाराकडे तोंड करून उभे राहतात आणि शेवटचा माणूस बाहेर आला तरी हलत नाहीत.

खरं काय ते त्यांना सांगायचं धाडस रितेशला अजून झालेलं नाही.