शेवटपर्यंत पाहिलेला व्हिडिओ

दुपारी मातीची हालचाल टिपणाऱ्या मापकांनी कातळवेढे गावामागचा डोंगर सुटत असल्याची खूण दिली. माती संध्याकाळपर्यंत जेमतेम तग धरेल, असं निरीक्षण केंद्रातल्या डॉ. कालिंदी घाग यांचं गणित सांगत होतं. गावातले धोक्याचे भोंगे आपत्ती खात्याने मागेच भंगारात काढले होते. आता इशारा फक्त ऑनलाइन. कालिंदीने सहा स्लाइड्स केल्या. पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: घर सोडा, लगेच निघा. स्वयंनिवेदकाने, म्हणजे स्लाइड्सचा बोलता व्हिडिओ करणाऱ्या खात्याच्या यंत्राने, त्यावर तिचाच आवाज चढवला. व्हिडिओ गावातल्या प्रत्येक मोबाइलवर गेला.

तासाभराने उपग्रहाच्या चित्रात पाच-सहा घरंच रिकामी दिसत होती. पडद्यावर मात्र आकडा झळकत होता: जवळपास सगळं गाव व्हिडिओ शेवटपर्यंत बघतंय.

"फैयाज, मग निघत का नाहीत?"

यंत्र सांभाळणाऱ्या फैयाज मुकादमने व्हिडिओ उघडला. पहिली स्लाइड नव्हतीच. हिरवागार डोंगर, मागे बासरी, आणि कालिंदीच्या आवाजात: काळजी नको, आमचं लक्ष आहे, बघत राहा.

"मॅडम, लोक ज्या स्लाइडवर व्हिडिओ सोडून जातात ती वाईट, एवढंच याला शिकवलंय. तुमची पहिली स्लाइड ज्यांनी बघितली, ते फोन खिशात टाकून पळाले."

"पळायलाच हवं होतं ना?"

"याच्या हिशेबी ते नापास. बाकीच्यांसाठी त्याने ती कापली."

तिने स्लाइड पुन्हा घातली. यंत्राने पुन्हा कापली. खात्यातल्या साहेबांना फोन केला, तर त्यांनी अभिनंदन केलं. इतक्या लोकांनी शेवटपर्यंत पाहिलेला खात्याचा हा पहिलाच व्हिडिओ होता.

मग तिने गावात वडिलांना फोन लावला. आबांकडे साधा बटणांचा फोन.

"आबा, आत्ताच्या आत्ता निघा."

"अगं, शेजारचा गणू तुझाच व्हिडिओ लावून बसलाय. त्यात तू म्हणतेस, काळजी नको. ऐकू कुणाचं, तुझं का तुझं? आणि म्हैस व्यायला टेकलीय." त्यांनी फोन ठेवला.

फैयाजला एक गोष्ट आठवली. गावातला टॉवर केंद्राने मापकांसाठी उभारलेला. त्याआधी सगळं गाव रेंजसाठी ओढ्यापलीकडच्या देवमाळावर चढायचं. तिथे पलीकडच्या खोऱ्यातली रेंज मिळते. अजूनही टॉवर बंद पडला की पाय आपोआप तिकडेच वळतात.

"टॉवर इथून बंद केला, तर सगळे माळावर, धोक्याबाहेर जातील," तो म्हणाला. "पण आबांचाही फोन जाईल. आधी एकदा लावून बघा."

तिने लावला. रिंग वाजत राहिली. ते गोठ्यात असणार. मापकांची रेघ सरळ वर चढत होती. तिने पुन्हा लावला, आणि तो वाजत असतानाच टॉवर बंद केला.

दारं उघडली. माणसं केंद्राला शिव्या घालत बाहेर आली. फोन उंच धरून, पोरं काखोटीला मारून ओढ्यावरचा साकव ओलांडून माळावर चढली. तिथे रेंज आली. व्हिडिओ अडकला होता तिथून पुढे सुरू झाला. त्यांच्या पाठीमागे डोंगर खाली आला.

आबांच्या घरातून कुणीच बाहेर पडलं नव्हतं. ज्याने व्हिडिओ कधी पाहिलाच नाही, त्याला तो थांबलेलाही कळला नाही.