लॅच पडल्यानंतरचे तास

लग्नानंतर सातव्या आठवड्यात मी कतारमधल्या अल वक्राच्या आमच्या फ्लॅटमध्ये कैवल्यचा जुना कॉम्प्युटर लावला. पुण्याच्या एका ऑफिसने महिनाभर घरून काम करून बघायला सांगितलं होतं. रोज आठ तास भरले तर नोकरी पक्की. तास आणि टायपिंग मोजणारं सॉफ्टवेअर वेळ घ्यायचं कॉम्प्युटरच्या घड्याळाची, आणि घड्याळ रोज मागे पडायचं. इंटरनेटवरून वेळ लावली, टाइम झोन तपासला. व्यर्थ.

"सेल गेला असणार," म्हणत कैवल्यने शुक्रवारी आतला बटणाएवढा सेल बदलला. सुट्टीचे दोन दिवस घड्याळ चोख चाललं. रविवारी तो मुशैरिबला ऑफिसला जाऊन आला, तेव्हा त्यात सकाळचे सहा चाळीसच.

मग मशीन दोन दिवस दिलावरभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात. "भाभी, इसमें कुछ खराबी नहीं. खलास, बात खत्म."

पुण्याहून मृणालिनी मॅडमचा मेल आला: तास शून्य दिसतायत. आणखी आठवडाभर बघू, नाहीतर थांबू या.

बुधवारी मी नुसती बघत बसले. बाहेर पांढरं ऊन, आत एसीची घरघर. कैवल्यने दार ओढलं, लॅच पडला आणि सेकंदाचा आकडा थांबला. अकराला शेजारची अफशां पुदिना मागायला आली, आकडा सुरू. ती गेली, बंद.

"मी एकटी असले की थांबतं," संध्याकाळी मी सांगितलं.

"म्हणजे त्यालाही करमत नाही माझ्याशिवाय."

"तूच लागतोस असं नाही. मला धरून दोघं लागतात... कुणीही."

तो हसला. नोकरी त्याची जाणार नव्हती.

गुरुवारी लॅच पडला. मी सवयीने पाहिलं. सेकंद पळत होते.

"काय विसरलास रे?"

दाराकडून आवाज नाही. मी फोन लावला.

"मेट्रोत आहे. का गं?"

"काही नाही... घड्याळ बरोबर चालतंय."

"बघ! सुटलीस."

मी मागे वळले नाही. कामाला बसले.

महिना भरला. नोकरी पक्की झाल्याच्या मेलमध्ये मृणालिनी मॅडमनी खाली आपुलकीने लिहिलं होतं: 'जेवणाच्या सुट्टीतही तुझा कीबोर्ड थांबत नाही. थोडी विश्रांती घेत जा.'

मी रोज एक ते दोन स्वयंपाकघरात जेवते. दार लावून, एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून.