गाठीपर्यंत आलेला उजेड

तपासणी यंत्राच्या भल्यामोठ्या पांढऱ्या कमानीखाली बाळगोंडा पाटील उताणा पडला होता. त्याचा उजवा हात शेजारच्या फळीवर दुसऱ्या कुणाचा असावा तसा ठेवलेला होता. तासगावच्या द्राक्षबागांत कलमं बांधणारा हा हात मोटारसायकलच्या अपघातानंतर आठ महिने नुसता लोंबत होता. मिरजेच्या चेताचित्रण केंद्रात आज त्याचा निकाल लागायचा होता.

"मॅडम, ठरलंय तसंच करायचं," तो म्हणाला. "जोडता येत असंल तर जोडा. न्हाईतर खांद्यापास्नं काढून टाका. परवा इस्त्रीवर भाजला, वास आला तवा कळलं. असला हात घिऊन काय करू?"

डॉ. मृणाल टिल्लूंनी मान डोलावली. नसांच्या शस्त्रक्रियेत त्यांची हयात गेली होती आणि खोटा धीर द्यायची त्यांना सवय नव्हती. पलीकडे पडद्यासमोर रसायनशास्त्रज्ञ असगर मुजावर बसले होते. त्यांनी घडवलेला 'चेतादीप' हा नवा डाय, नसा दाखवणारा रंग, आज पहिल्यांदाच माणसाच्या अंगात टोचला होता, त्यामुळे स्वारी सकाळपासून कुणाशी धड बोलत नव्हती.

"जुना डाय आम्ही मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडायचो," टिल्लूंनी बाळगोंडाच्या बायकोला, सुनंदाला, समजावलं. "मानेतलं नसेचं मूळ उपटलं असलं की तिथे पाण्याची पिशवी साचलेली दिसायची. पण नसेतून काही वाहतंय का, ते दिसायचं नाही."

"चेतादीप नसेवरच बसतो," मुजावर म्हणाले, "आणि तिच्यातून संदेश गेला की तेवढ्यापुरता उजळतो. वहिनी, त्यांच्या करंगळीला चिमटा काढा. चांगला जोरात."

सुनंदाने चिमटा काढला. बाळगोंडाला काहीच कळलं नाही.

पडद्यावर मात्र करंगळीच्या टोकाशी निळसर उजेड उमटला. यंत्राने त्याचा वेग हजारपटीने कमी करून दाखवला, म्हणून तो डोळ्यांना दिसला तरी. मनगट ओलांडून तो कोपराच्या आतल्या अंगाने वर चढला, काखेत शिरला आणि मानेच्या दिशेने निघाला. स्पर्श चालताना दिसत होता! आजवर कुणा माणसाने हे पाहिलं नव्हतं.

मानेच्या मणक्याशेजारी एक बारीकशी गाठ होती. उजेड तिच्यापाशी आला आणि विझला.

"जिवंत आहे!" मुजावरांना भान राहिलं नाही. "मॅडम, हात जिवंत आहे!"

सुनंदा हसत हसत रडू लागली. टिल्लूंनी हाताकडे जाणाऱ्या नसांची पाचही मुळं एकेक करून तपासायला लावली. सगळीकडे तेच. त्यांचा चेहरा उतरला.

"मुजावर, अंधार दिसला असता तर मी पेढे वाटले असते," त्या म्हणाल्या. "स्पर्शाच्या तंतूंचा जीव या गाठीत असतो. नस गाठीच्या बाहेर, हाताकडे तुटली असती, तर पुढचे तंतू मेले असते, काहीच उजळलं नसतं. पण मज्जारज्जूला नसेचा खुंट उरला असता आणि त्यावर मी पायातल्या नसेचं कलम केलं असतं. इथे गाठ आणि हात दोन्ही शाबूत आहेत. म्हणजे तुटलंय ते गाठीच्या पलीकडे, मज्जारज्जूच्या बाजूला. पाचही मुळं मज्जारज्जूपासून उपटली आहेत. मला जोडायला काही उरलेलं नाही, पाटील."

कलम बांधणाऱ्याला खुंट नसणं म्हणजे काय, ते वेगळं सांगावं लागलं नाही. त्याने पडद्याकडे पाहिलं. सुनंदाने अजून चिमटीत धरलेल्या करंगळीपासून तिथे उजेड पुन्हा पुन्हा चढत होता.

"म्हंजी हिनं चिमटा काढला, ते हाताला कळतंय?"

"गाठीपर्यंत पोचतंय. पुढे रस्ता नाही."

"आणि माझ्यापातुर येत न्हाई."

"नाही."

"किती दिस असं चालंल?"

"गाठ जिवंत आहे तोवर. बहुधा जन्मभर."

टिल्लूंना पुढचं बोलणं जड गेलं. पण शब्द दिला होता. "तेव्हा ठरल्याप्रमाणे हात काढायचा तर पुढच्या आठवड्यात..."

"काढायचं ऱ्हाऊ द्या, मॅडम."

"अहो, पण त्याचा उपयोग..."

"ऱ्हाऊ द्या म्हनलं न्हवं." त्याने मान वळवून बायकोकडे पाहिलं. "सुनंदा, चिमटा सोड की आता. दुखत असंल त्याला."