प्लास्टर माझ्याबरोबर येणार

शनिवारी सकाळी मांजराला चिप टोचून घ्यायला ती जनावरांच्या दवाखान्यात गेली, तेव्हा तिच्या मनात भीतीचा लवलेशही नव्हता. डोक्याला ताप होता तो फक्त कागदपत्रांचा. विमानानं मांजर परदेशी न्यायचं म्हणजे माणूस नेण्यापेक्षा जास्त उपद्व्याप. मानेच्या कातडीखाली ओळख पटवणारी चिप, मग रेबीजची लस, मग रक्ताची तपासणी, मग तीन महिने थांबा, मग सरकारी डॉक्टरचा दाखला. तिनं सगळं एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजला चिकटवलं होतं आणि एकेका ओळीवर पेन्सिलीनं काट मारत होती.

तिला सगळे कवळीबाई म्हणत. तीस वर्षं ती एका प्रयोगशाळेत दातांच्या कवळ्या बनवत होती. मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. हात असा स्थिर की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. परदेशात तिचा धाकटा भाऊ याच धंद्यात होता. तिथल्या प्रयोगशाळेनं तिच्या कामाचे नमुने मागवले आणि महिन्याभरात नेमणुकीचं पत्र पाठवलं. भावाला कोण आनंद झाला, पण मांजराचं नाव काढताच तो कुरकुरला. ते तिथंच कुणाला तरी देऊन टाक म्हणाला. तिनं सांगितलं, मांजर नाही तर मीही नाही. भावानं विषय वाढवला नाही.

डॉक्टरांनी मांजराचं जुनं कार्ड काढलं. मालकाच्या रकान्यात तिच्या नवऱ्याचं नाव होतं. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, पण कार्ड बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"ते खोडा," ती म्हणाली. "माझं लिहा."

डॉक्टरांनी नावावर रेघ मारली. त्याच वेळी टेबलावरच्या मांजरानं मान वर केली, तिच्या खांद्यामागच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि घुरघुरायला लागलं. चिपची जाडजूड सुई मानेत शिरली तरी घुरघुर थांबली नाही. पंचवीस वर्षांत असं जनावर पाहिलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिनं मात्र हे खूपदा पाहिलं होतं.

मांजर मुळात तिचंच. अंगठ्याएवढं पिल्लू असताना ते प्रयोगशाळेतल्या प्लास्टरच्या पोत्यात पडलं होतं. नखशिखांत पांढरंफटक. घरी आणून धुतलं तर राखाडी निघालं, पण प्लास्टर हे नाव चिकटलं ते चिकटलंच. नवऱ्यानं त्याला दोनदा बाहेर काढलं. तिसऱ्यांदा ते त्याच्या मांडीवर चढून बसलं, आणि त्या दिवसापासून मांजर त्याचं झालं. कार्डावर त्यानं स्वतःचं नाव घातलं. दूध तिनं आणायचं, घाण तिनं काढायची, मांजर त्याचं.

माणूसच तसा होता. एका कचेरीत नकाशे काढायचा. अवघं जग त्याच्या पेन्सिलीखालून जायचं, पण बायकोनं शेजारच्या गावी जाऊन राहिलेलं त्याला खपायचं नाही. बारा वर्षांपूर्वीही तिला असंच एक पत्र आलं होतं. तो ओरडला नाही. तिचा पासपोर्ट त्यानं स्वतःच्या खणात ठेवला, किल्ली खिशात टाकली आणि एखादं माप सांगावं तशा आवाजात म्हणाला, "तुला जमायचं नाही." खिडकीजवळची उंच पाठीची खुर्ची त्याची. तिच्यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. चोवीस वर्षांत ती एकदाही बसली नव्हती.

तो गेल्यावरही मांजर रोज दुपारी चारच्या सुमाराला त्या खुर्चीवर जाऊन बसायचं. त्याच्या पाठीवरचे केस मानेपासून शेपटीपर्यंत हळूहळू दबत जायचे, पुन्हा उठायचे, पुन्हा दबायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या हातातला कप फुटला. पुढं पुढं ती त्या वेळेला स्वयंपाकघरात भांडी घासत बसे. नळ मोठा सोडला की घुरघुर ऐकू येत नसे.

चिपनंतर पिंजरा आला. विमानाच्या मापाचा, चारही बाजूंनी जाळ्या, दाराला आतून अडकवलेली पाण्याची वाटी. मांजराला त्याची सवय व्हायला हवी, म्हणून तो महिनोन्‌महिने घरात उघडा ठेवा आणि आत तुमच्या अंगावरचं एखादं कापड घाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ओळखीचा वास असला की जनावर बिथरत नाही. तिनं कामावरचा जुना एप्रन आत अंथरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एप्रन पिंजऱ्याबाहेर पडला होता. आत नवऱ्याचा तपकिरी स्वेटर होता.

तो स्वेटर तिनं तीन वर्षांपूर्वीच इमारतीच्या झाडूवाल्याला देऊन टाकला होता. तिनं खाली जाऊन त्याला विचारलं. तो म्हणाला, बाई, तो तर पहिल्याच थंडीत फाटला, त्याचं पोतेरं झालं, तेही कधीच फेकलं. ती वर आली. स्वेटर कुठंही फाटलेला नव्हता. कोपरांवर पेन्सिलीचा काळा चकाकता मळ होता आणि त्याला वास येत होता खोडरबराचा आणि औषधाचा, त्याच्या शेवटच्या महिन्यातला.

तिनं तो कचऱ्यात टाकला. सकाळी तो पुन्हा पिंजऱ्यात. पुन्हा टाकला. पुन्हा आला, या वेळी कोमट, जणू आत्ताच कुणी अंगातून काढलाय. तिसऱ्या दिवशी तिनं कामावरून साच्यांचं प्लास्टर कापायची सुरी आणली, जमिनीवर मांडी घालून बसली आणि स्वेटरचे वीतवीतभर तुकडे केले. हात नेहमीसारखा स्थिर होता. त्या तुकड्यांनी तिनं सगळ्या घराची फरशी पुसून काढली. त्यानंतर स्वेटर आला नाही. पण फ्रिजवरच्या चिठ्ठीत ज्या ओळींवर तिनं काट मारली होती, त्यांच्यावरची काट रोज कुणीतरी खोडरबरानं पुसून टाकायला लागलं. कागद झिजून पार जाळीदार झाला. मग तिनं नव्या कागदावर पेननं लिहायला सुरुवात केली.

शेजारीण शिवणकाम करायची. तिच्यापाशी एकदा हे सगळं बोलणं झालं. शेजारणीनं हातातली कात्री खाली ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सोड ना मग ते मांजर. त्याला तेवढंच हवंय… देऊन टाक आणि सुटून जा."

"आजवर तेवढंच हवं होतं, तेवढंच हवं होतं म्हणत सगळंच दिलं," कवळीबाई म्हणाली. "हे नाही देणार."

निघायचा दिवस उजाडला. विमान संध्याकाळचं होतं, गाडी दुपारी तीनला येणार होती. सामान विकून, वाटून झालं होतं. घरात उरल्या होत्या दोन बॅगा, पिंजरा आणि ती खुर्ची. खुर्ची घरमालकालाच हवी होती. सकाळपासून खिडक्या बंद, दाराला आतून कडी. दोन वाजता तिनं मांजराला हाक मारली, तर मांजर नाही.

रिकाम्या घरात मांजर लपणार कुठं? कपाटं नव्हती, पलंग नव्हता. तिनं न्हाणीघर पाहिलं, पोटमाळा पाहिला, ओट्याखालची फळी पाहिली. अडीच वाजले. बाहेर लख्ख ऊन होतं, पण घरातला उजेड हळूहळू मळकट होत गेला, पाण्यात पेन्सिलीचा भुगा कालवावा तसा. रस्त्यावरचे आवाज लांब गेले. खोडरबराचा आणि औषधाचा वास आला.

मग तिला घुरघुर ऐकू आली.

ती बाहेरच्या खोलीत आली. खुर्ची रिकामी होती. आवाज खुर्चीतूनच येत होता, बसलेल्या माणसाच्या मांडीच्या उंचीवरून. तृप्त, जाडसर, थांबत थांबत. आणि त्या घुरघुरीखाली दुसरा एक आवाज होता, छातीत कफ असलेल्या माणसाच्या श्वासाचा.

"तू जा…" खुर्चीतून आलं. "ते राहील…"

तिनं भिंतीला हात टेकला. भिंत बर्फासारखी थंडगार होती.

"तुला… जमायचं नाही…"

तोच आवाज, तेच माप सांगितल्यासारखं बोलणं. बारा वर्षांपूर्वी हे वाक्य ऐकून ती आत गेली होती आणि तिनं कणीक मळायला घेतली होती. आज मळायला कणीकही नव्हती आणि आत जायला घरही उरलं नव्हतं. तिच्या मनातली भीती कुठं गेली नाही. ती होतीच, पण तिच्याखालून काहीतरी तापत तापत वर आलं. चोवीस वर्षं ती त्याला अहो म्हणत आली होती.

"तू मेलायस," ती म्हणाली. "तुला भूक लागत नाही. त्याला लागते. इथं ठेवलं तर आठवड्यात मरेल आणि तुला तेच हवंय."

श्वास थांबला. घुरघुर चालूच होती.

"पोत्यातून त्याला मी काढलं. मी धुतलं. तुझं नाव कागदावर होतं तेवढंच… तेही खोडलं."

खुर्चीच्या हाताच्या लाकडाला तडा जावा तसा आवाज झाला. खोलीतला उजेड आणखी खाली बसला. आणि मग तिनं जे केलं ते आयुष्यात कधी केलं नव्हतं. ती चालत खुर्चीपाशी गेली, पाठ वळवली आणि सरळ तिच्यावर बसली.

थंडीनं तिचे दात एकमेकांवर आपटले. गादीवर बसल्यासारखं ते नव्हतंच. गादीच्या आधी काहीतरी होतं, हाडकुळं, दोन गुडघ्यांसारखं, आणि ते तिच्या वजनाखाली हळूहळू दबत गेलं. मानेमागं कुणाचा तरी ओलसर श्वास लागला. कमरेभोवती दोन्ही बाजूंनी काहीतरी आवळायला लागलं. ती उठली नाही. तिनं दोन्ही हात पुढं केले, मांडीवर, जिथून आवाज येत होता तिथं चाचपडली, आणि तिच्या बोटांना केस लागले. ऊन, मऊ, थरथरणारे. तिनं मूठ मिटली. प्लास्टर तिच्या मांडीवर होतं. डोळे मोठे केलेलं, कान मागं पाडलेलं, आणि आता ते घुरघुरत नव्हतं, तर तिच्या मनगटाला नखांनी घट्ट धरून होतं.

"चल," ती त्याला म्हणाली आणि उठली. कमरेला बसलेली पकड सुटताना कापड फाटल्यासारखा आवाज झाला.

तिनं मांजर पिंजऱ्यात घातलं, कड्या लावल्या, बॅगा बाहेर काढल्या. दार बंद करताना मागं वळून पाहिलं नाही. भीतीनं नव्हे. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं, असं ती पुढं भावाला म्हणाली.

विमानतळावर मालाच्या खिडकीवरच्या बाईनं कागद तपासले, पिंजऱ्याला चारही कोपऱ्यांवर प्लास्टिकचे बंद घातले. मांजर वेगळं जाणार, विमानाच्या पोटातल्या उबदार कप्प्यात. ती वर बसली. आयुष्यात पहिल्यांदा जमीन खाली जाताना बघत ती मनातल्या मनात म्हणत होती, जमलं की. मधल्या थांब्यावर विमान बदललं. तेव्हा तिनं तिथल्या कर्मचाऱ्याला तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा तो म्हणाला, मांजर ठीक आहे, झोपलंय.

पलीकडे उतरल्यावर तिथल्या जनावरांच्या डॉक्टरनं चिप तपासली, बंद कापले, मांजराचे दात बघितले. मालकाचं नाव वाचून दाखवलं, ते तिचंच होतं. तिनं सही केली. पिंजऱ्यात तिचा एप्रन जसाच्या तसा होता आणि त्यावर प्लास्टर गाढ झोपलं होतं. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं हसू आलं.

भाऊ नवी गाडी घेऊन आला होता. त्यानं बॅगा मागं टाकल्या, पिंजऱ्याकडे पाहून तोंड वाकडं केलं आणि मग जाळीतून बोट घालून मांजराला खाजवलंही. ती मागच्या सीटवर पिंजरा मांडीवर घेऊन बसली. शेजारची जागा रिकामी होती. सकाळ स्वच्छ होती, रस्ता रुंद.

गाडी सुरू होताच टिंग टिंग वाजायला लागलं.

"ताई, पट्टा लाव," भाऊ आरशात न बघता म्हणाला.

"लावलाय."

त्यानं समोरच्या पडद्यावर वाकून पाहिलं. "तुझा नाही गं… शेजारचा दाखवतोय. पिशवीबिशवी ठेवलीयस का? वजन असलं की वाजते ही."

तिनं शेजारी पाहिलं. सीटवर काही नव्हतं. प्लास्टर जागं झालं होतं आणि जाळीतून त्याच बाजूला बघत होतं. टिंग टिंग चालूच राहिलं. भाऊ म्हणाला, गाडी नवीनच आहे, दाखवायला न्यावी लागेल.

मग तिनं हात लांब केला, रिकाम्या जागेवरचा पट्टा ओढला आणि खाचेत अडकवला. आवाज बंद झाला.

पट्टा सीटवर सपाट पडला नाही. पाठीपासून वीतभर पुढं, हवेत, तो ताणलेला राहिला, आणि संथपणे थोडा वर, थोडा खाली होत होता.

कवळीबाईनं पट्ट्याचं टोक पकडलं आणि स्थिर हातानं पट्टा आणखी आवळला. वर-खाली होणं थांबलं नाही. फक्त ते पहिल्यापेक्षा भरभर व्हायला लागलं.