हौदावर नाव सांगायचं नसतं

बायकोचे कपडे धुणारा नवरा आमच्या भागात अजूनही बघण्यासारखी गोष्ट आहे. मी पंधरा दिवस धुतले आणि हौदावरच्या बायांनी ती गंमत मनसोक्त पाहून घेतली.

दोन हजार अकराचा ऑक्टोबर होता. दीपमालाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, मलेरिया डोक्यात गेला होता. वरठीहून तिला भंडाऱ्याच्या पलीकडच्या एका जुन्या धर्मादाय दवाखान्यात आणलं आणि मी कारखान्यातून रजा टाकली. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना सकाळ-संध्याकाळ तासभरच सोडत. उरलेला दिवस मागच्या चिंचेखाली, नाहीतर हौदावर. पेशंटचे कपडे नातेवाइकांनीच धुवायचे असा तिथला नियम होता. वॉर्डाच्या खिडक्यांमागे सिमेंटचा लांब हौद, काठाला घासायचे दगड आणि वर वाळत घालायच्या तारा.

पहिल्या दिवशी मी गाऊनला साबण लावत होतो, तर शेजारची म्हातारी म्हणाली, "भाऊ, कपडा धुऊन राहिले का त्याले टिळा लावून राहिले?"

ही धुरपताबाई, हे नाव मला सुट्टीच्या दिवशी कळलं. तिची सून तीन नंबरच्या खाटेवर होती. तिनेच मला धुणं शिकवलं. कडक बाई, पण मनाने लोणी.

तिथं कोणालाच नाव नव्हतं. ती तीन नंबर, मी नऊ नंबर, कोपऱ्यातली साकोलीकडची पोरगी सात नंबर. एकीला मी सहज नाव विचारलं, तर हातातला पिळा तसाच धरून ती म्हणाली, "नंबर विचारा." मला त्यात विशेष वाटलं नाही. कारखान्यात आम्हीही टोकन नंबरानेच ओळखले जातो. कारण विचारावं असं मनातही आलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. शहाण्या माणसाला कोण सांगायला जातं, आणि मी तर दिसायलाही शहाणा.

सातव्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, "आजची रात्र निघाली की मग बोलू." एवढंच. मी ते वाक्य घेऊन दिवसभर हिंडत होतो. वरठीला फोन लावला आणि रिंग वाजायच्या आत कापला. शेवटी दुपारी कपड्यांचं बोचकं उचललं आणि हौदावर गेलो.

ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर आलं होतं. बाया पेशंटला जेवू घालायला आत गेल्या होत्या. चिंचेवर एक पाखरू बोलत नव्हतं. हौदाच्या पार टोकाला एक बाई तेवढी होती, पाठमोरी, डोक्यावर पदर. ती लुगडं आपटत नव्हती, घासत नव्हती. नुसतं पाण्यात बुडवायची आणि काढायची. चुबुक... चुबुक... आटलेल्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, तळाला चिखलाचा जसा वास येतो, तसा वास येत होता. हौद साफ करायला झाला असेल, असं मला वाटलं.

"नऊ नंबर ना?" तिने मागे न बघताच विचारलं.

"हो."

"लय जड जाऊन राहिलं का, भाऊ?"

सात दिवसांत पेशंट कसा आहे हे सगळ्यांनी विचारलं होतं. मी कसा आहे, हे कोणी विचारलं नव्हतं. माझा बांधच फुटला. अनोळखी माणसापाशी बोलणं सोपं जातं. मी गाऊन घासत घासत सगळं सांगत सुटलो. लग्नाला तीनच वर्षं झालीत, ती गेली तर मी त्या घरात पाय कसा ठेवू, सगळं. ती मधूनमधून "हं" म्हणायची.

"नाव काय तिचं?"

"दीपमाला."

"ते कागदावरचं. घरी काय म्हणतेत?"

"तिची आई चिमनी म्हणते. लाखांदूरकडं माहेर आहे तिचं."

"चिमनी..." भाजीचं मीठ पाहावं तसं तिने ते नाव तोंडात घोळवलं. मग लुगड्याचं एक टोक माझ्याकडे सरकवलं. "एवढं पिळू लागा, भाऊ. एकटीनं होत नाही."

मी टोक धरलं. दोघांनी उलटसुलट पीळ दिला. त्या उन्हात पाणी एवढं गार निघालं की माझी बोटं आखडली. पाणी निघतच राहिलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग तिने लुगडं माझ्या हातातून हळूच ओढून घेतलं.

"सात दिवसांपासून पाहून राहिलो तुमाले," ती म्हणाली. आमच्याकडच्या बाया असंच बोलतात, राहिलो, गेलो. "तुमी बोलके दिसले."

मी गाऊन तारेवर टाकून वळलो तोवर ती निघून गेली होती. मन हलकं झालं होतं, हे कबूल करतो. चिंचेखाली मला झोपही लागली.

संध्याकाळी वॉर्डात गेलो तर दीपमालाचे डोळे उघडे होते आणि हौदाकडच्या खिडकीवर लागले होते.

"मले आई बोलावून राहिली," ती पुटपुटली.

"आई गावी आहे, दीपा. उद्या येईल."

"नाही... बाहेर आहे. चिमनी म्हणते. चाल म्हणते... हात लाव... पाणी निघून नाही राहिलं..."

मी तिचा हात हातात घेतला. अंग तव्यासारखं तापलं होतं, पण हात मनगटापर्यंत गार होते आणि ओले. बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या होत्या. तासन्‌तास धुणं धुतल्यावर पडतात तशा. सात दिवस ती खाटेवरून उठलेली नव्हती.

धुरपताबाई पलीकडे सुनेला पेज पाजत होती. तिचा चमचा थांबला. तिने मला दाराबाहेर ओढलं.

"घरचं नाव कोणाले सांगलं तुमी?"

मी सांगितलं. तिने कपाळावर हात मारला.

"मले कोणी काहून नाही सांगितलं?" मी जवळजवळ ओरडलोच.

"बाईले सांगा नाही लागत, भाऊ. हौदावर पहिल्या दिवशीच समजते. नंबर सांगाचा, नाव नाही सांगाचं. आमी म्हटलं, गडीमाणूस कायले बायकोचं घरचं नाव घेईन!"

"कोण आहे ती?"

"मी नाही पाह्यली. पाहाचीही नाही." तिने आवाज आणखी खाली आणला. "जा. वापस मागा नाव."

"देईल?"

तिने मला हौदाच्या वाटेला ढकललं.

आमच्या घरी भूतबित मानत नाहीत. माझ्या आज्याने दीक्षा घेतली त्या दिवशी देव्हाऱ्यासकट सगळं नदीत सोडलं. मी लहानपणापासून पैज लावून मसणवटीत जाणारा. पण त्या संध्याकाळी चाळीस पावलं चालायला मला किती वेळ लागला, सांगता येणार नाही. लाईन गेली होती. हौद दिसत नव्हता. नुसता आवाज. चुबुक... चुबुक...

मग दिसली. उभी होती. लुगड्याचं एक टोक तिच्या मुठीत होतं. दुसरं टोक अंधारातून ताणलेलं, सरळ, वॉर्डाच्या खिडकीपर्यंत गेलं होतं. आणि कोणीतरी ते त्या बाजूने पिळत होतं. पाणी टपटपत होतं.

"ते नाव... मी खोटं सांगितलं," मी म्हणालो.

"नाही, भाऊ. तिनं ओ देली."

"वापस द्या. पाया पडतो तुमच्या."

तिने मुठीतल्या टोकाला आणखी एक पीळ दिला.

"मंग कोणाचं घेऊ?" ती म्हणाली. मायेनं विचारावं तसं. "एकटीनं होत नाही ना..."

माझ्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. मी झालो तेव्हा आईने माझं नाव उकंड्या ठेवलं. उकिरड्यावर टाकलेल्या पोराकडे मरण ढुंकून पाहत नाही म्हणतात. शाळेत मी अनुप झालो. आई गेली आणि ते नाव घेणारं कोणी उरलं नाही. दीपमालालाही मी ते कधी सांगितलं नव्हतं, लाज वाटायची. आईने मला जगवायला जे नाव दिलं होतं, ते मी त्या अंधारात दिलं. दुसरं माझ्याजवळ होतं काय?

"उकंड्या," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा, हळू. "उकंड्या."

लुगडं सैल पडलं आणि फच्चकन पाण्यात गेलं.

धावत वॉर्डात आलो तर दीपमाला घामाने निथळत होती. ताप उतरत होता. हात कोरडे आणि ऊन होते. मी नर्ससमोर हमसून हमसून रडलो, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही. पंधराव्या दिवशी सुट्टी झाली. निघताना धुरपताबाईने विचारलं, "काय देलं बदल्यात?" मी म्हणालो, "काही नाही." तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोंड फिरवलं.

चार वर्षं गेली. दीपमाला ठणठणीत आहे. भांडते, हसते, माझ्या धुण्याची नक्कल करून मोहल्ल्याला दाखवते.

गेल्या मंगळवारी पहिली पाळी करून अडीचला सायकलवर घरी आलो. अंगणात दोरीवर ओली गोधडी टाकलेली होती आणि दीपमाला अलीकडे उभी राहून पलीकडच्या कोणाशी बोलत होती.

"नाही बाई, असं कोणी नाही राहत इथं... थांबा, आले हे. विचारतो." ती माझ्याकडे वळली. "अवो, आपल्या लायनीत उकंड्या नावाचं कोणी आहे का? बाई विचारून राहिली."

"नाही," मी म्हणालो. "कोणी नाही."

तिने ते गोधडीवरून पलीकडे सांगितलं. मान हलवत काहीतरी ऐकलं. मग आत जाता जाता मला म्हणाली, "म्हणते, घाई नाही काही. बसतो इथंच. तुमी हात धुऊन या, वाढतो मी."

आमचा नळ गोधडीच्या पलीकडे आहे.