बांगड्यांच्या पाटीतला कॅमेरा

"ओ कॅमेरावाले, बाजूक व्हा. दोरी पायात येतली तुमच्या."

सृष्टी हे म्हणाली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत रापणीची दोरी होती, ओढणी कमरेला आवळलेली होती आणि डोकं तापलेलं होतं. तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण लागली की पन्नास-साठ माणसं दोन दोऱ्यांना लटकतात आणि समुद्रात सोडलेलं भलंमोठं जाळं वाळूवर ओढून आणतात. आणि हा शहाणा नेमका दोरीच्या वाटेत तीन पायांचा स्टँड रोवून उभा.

"दोनच मिनटां," तो कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणाला. "उजेड बरो आसा."

"उजेड उद्या पण येतलो. मासळी थांबाची नाय."

तेव्हा कुठे त्याने डोळा काढला. उन्हाने सोललेलं नाक, भिजून चिखल झालेले बूट आणि एका बाजूनेच सुरू होणारं हसू... सृष्टीला एवढं सगळं बघायचं नव्हतं, पण तिच्या डोळ्यांना ती खोडच होती.

"रे झिला," रापणीचे म्होरके दत्तारामकाका मागून ओरडले, "रिकामो उभो रवतंस कित्याक? दोरयेक हात लाव."

त्याने मुकाट्याने स्टँड मिटला आणि सृष्टीच्या मागे दोरी धरली. दोन पावलांत पाय घसरून बसला वाळूत. सृष्टी हसली नाही. फक्त दोरी ओढताना तिचे खांदे बराच वेळ हलत होते.

रापणीचा रिवाज साधा. दोरीला हात लावला त्याचा वाटा. वाळूत ज्याची रिकामी पाटी ठेवलेली, तिच्यात दत्तारामकाका न बघता, न विचारता मासळी ओततात. त्याच्याकडे पाटी नव्हती, म्हणून त्याच्या टोपीत सहा बांगडे पडले.

"आता ह्यांचा काय करू?" तो म्हणाला.

"फोटो काढ," सृष्टी म्हणाली.

त्याचं नाव दीपेश. धामापूरचा. लग्नाचे, साखरपुड्याचे फोटो काढायचा.

आणि सृष्टीला नेमकं कॅमेऱ्याचंच पडलं होतं. बारावीत शाळेशी भांडून ती घरी बसली त्याला तीन वर्षं झाली. बाबांच्या, म्हणजे सत्यवानच्या, होडीवर ती पर्यटकांना डॉल्फिन दाखवायची आणि त्यांच्याच मोबाईलवर त्यांचे फोटो काढून द्यायची. लोक म्हणायचे, काय भारी काढतेस गं. आता बाबा एकदाचे कबूल झाले होते. गंगारामकाका मुंबईला कॅमेऱ्याच्या दुकानात कामाला. शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन येणार, सृष्टी कुठला कॅमेरा ते सांगणार, रविवारी तो घेऊन येणार. एकदाच. बदलून मिळणार नाही. आणि चुकीचा निघाला तर जन्मभर घरच्या खाणावळीत थाळ्या वाढायच्या, हे बाबांनी बोलून नाही दाखवलं, पण तिला ऐकू आलं होतं.

"लहान घे," तिने सगळं सांगून विचारलं तेव्हा दीपेश सरळ म्हणाला. "चांगलो कॉम्पॅक्ट. खिशात रवता, लेन्स बदलूची भानगड नाय, वाळू आत जायत नाय."

"म्हणजे मोठो माका झेपाचो नाय?"

"तसा नाय गो..."

"मग कसा?"

तो वाळूत बसला आणि बोटाने दोन चौकोन काढले, एक मोठा, एक लहान. "ह्यो सेन्सर. कॅमेऱ्याचो डोळो. माझ्या ह्या मिररलेसचो मोठो, ही तुमची रापण. काळोखातसून पण उजेड ओढून हाडता, मागचा सगळा धुसर करता. पण रापणीक माणसां लागतत, लेन्सी लागतत, बॅग लागता. कॉम्पॅक्ट म्हणजे पाग. एकट्यान खांद्यार टाकायचो, मासो दिसलो की फेकायचो. पण सांजवेळ झाली की फोटोत दाणे येतत. खोटा कशाक सांगू."

पागाचं जाळं तिने लहानपणापासून फेकलं होतं. त्याचं म्हणणं तिला पटलं, म्हणूनच राग आला.

"माका मोठो चालवन बघूचो आसा."

त्याने गळ्यातला कॅमेरा काढून तिच्या गळ्यात घातला. तिथल्या तिथे.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने त्या कॅमेऱ्यावर असे फोटो काढले की तिचा तिलाच विश्वास बसेना. सूर्य अजून वर यायचा होता, तरी दत्तारामकाकांच्या मिशीतला केस न् केस दिसत होता. पण तेवढ्यात दोरी ताणली. दोरी ताणल्यावर नुसतं बघत उभं राहणं तिला जन्मात जमलं नव्हतं. गळ्यातला कॅमेरा छातीवर आपटायला लागला. शेजारी घरची रिकामी पाटी होती, स्वच्छ, कोरडी. तिने कॅमेरा ओढणीत गुंडाळून पाटीत ठेवला आणि दोरी धरली.

परत आली तेव्हा पाटी बांगड्यांनी शिगोशीग भरलेली होती.

"तुझो वाटो ओतलो गो," दत्तारामकाका खुशीत म्हणाले.

दीपेशने कॅमेरा वर काढला. ओढणीतून पाणी गळत होतं, लेन्सवर खवलं चिकटली होती.  तो वाळूत बसून रुमालाने हळूहळू पुसायला लागला, जसं लहान पोराचं नाक पुसतात.

"ओरड मा," सृष्टी म्हणाली.

"कित्याक?"

"मी पाटयेत ठेवलंय. माझी चूक आसा. ओरड."

"अजून चालता बघ," तो म्हणाला. "वास येतलो थोडे दिस."

ती तिथून निघून गेली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तिला कुणाला दाखवायचं नव्हतं.

शुक्रवारी तोच खाणावळीत आला. हातात एक जुना कॉम्पॅक्ट. "काल हळदीक गेललंय. नवरी विचारी, मासळीचा जेवण आसा काय? ... ह्यो घे. उद्या सांगूचा आसा मा काकांका?"

सृष्टीने तो दिवसभर होडीवर वापरला. एक हात होडीच्या काठाला, एका हातात कॅमेरा. मोठ्या कॅमेऱ्यासमोर माणसं ताठ व्हायची. ह्याच्यासमोर तीच माणसं हसायची, भांडायची, उलट्या करायची. दीपेशपण होडीत होता, बांगड्याचा वास अजून येतोय का ते बघायला म्हणे.

शनिवारी दुपारी त्याने कार्ड लॅपटॉपला लावलं आणि सृष्टीला उशिरा आठवलं.

डॉल्फिनचे नऊ फोटो. बाबांचे चार. मग दीपेश पाण्यात हात घालताना. दीपेश लेन्सचा वास घेऊन तोंड वाकडं करताना. दीपेश लांब कुठेतरी बघत, सोललेल्या नाकावर ऊन...

"हे माझे अकरा आसत," तो मोजून म्हणाला.

"टेस्टिंग."

"अकरा वेळा?"

"पहिल्या धा फोटोंत तू बरो दिसूक नाय."

तो हसला नाही. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या. "माका इतक्या लक्ष देवन कोणी बघूक नाय कधी," तो हळूच म्हणाला. "मी सगळ्यांका बघतंय. कॅमेऱ्याच्या मागे आसतंय मा..."

सृष्टीने लॅपटॉप मिटला. 

संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात सगळे बसले होते. बाबा, आई, आणि चहाचा कप घेऊन दीपेश. फोन स्पीकरवर होता.

"बोल गो बाय," गंगारामकाका म्हणाला. "मोठो बांधून ठेवलंय. वरसभर मोठो मोठो करतंस."

"लहान हाड, काका. लहान घेवन ये."

"आँ? नंतर रडशीत. काळोखातले फोटो कशार काढतलंस?"

"मोठो आसा."

"खंय आसा?"

सृष्टीने बाबांकडे बघितलं नाही. खळ्यातल्या तुळशीकडे बघत, एका दमात बोलून टाकलं. "हय आसा. धामापूरच्या दीपेशाकडे. एका घरात दोन मोठे घेवन काय करूचे?"

दीपेशचा कप ओठांपाशी थांबला. काका फोनवर हॅलो, हॅलो करत राहिला. बाबांनी आधी मुलीकडे बघितलं, मग पाहुण्याकडे, त्याच्या नाकापासून बुटांपर्यंत, सावकाश. मग फोन उचलून म्हणाले, "गंगाराम, लहान हाड. बाकीचा घरी येशीत तेवा बोलू." आणि आईला, "बांगडे चार जास्त तळ."

"कॅमेऱ्याक वास येता अजून," दीपेश कसाबसा म्हणाला.

"येवंदे," सृष्टी म्हणाली. "माका सवय आसा."