घुमटातला श्वास

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत घडली, आणि ताई थापा मारणाऱ्यांतली नाही. मारायचीच असती, तर तिने जरा बरी थाप मारली असती, जिच्यात तिची बाजू वर राहिली असती. ती सांगते तशी मला सांगता येईल का, याची मात्र शंका आहे.

भुताची गोष्ट म्हटलं की लोक रात्रीची वाट बघतात. ही भरदुपारी घडली. शनिवारचा दुपारचा खेळ होता. पण तारांगणाची दारं एकदा लावली की त्या घुमटाखाली दुपार कसली आणि रात्र कसली...

तिथे रात्र ताईच्या बोटांत होती.

मधोमध ताऱ्यांचं ते काळं, बेढब यंत्र. त्याच्या शेजारी ताईचं डेस्क. डेस्कवरचं एक बटण फिरवलं की घुमटाच्या कडेवरचा सूर्य खाली सरकू लागायचा. पोरं ओरडायची, मोठी माणसं त्यांना गप्प करायची, आणि मग स्वतःच "अहाहा" करायची.

शनिवारी ताऱ्यांच्या जोडीला बासरी असायची. कडेला एक लाकडी चौथरा होता, त्यावर बुवा बसायचे. नाव काहीही असो, सगळे त्यांना बुवाच म्हणत. जाडजूड, हसरे, आणि चहा उशिरा आला की तोंडाने "च्च" करणारे.

अंधारात ताईला बुवा दिसायचे नाहीत, बुवांना ताई दिसायची नाही. खूण करायला दिवा लावावा तर आकाश बिघडणार. म्हणून दोघांनी आपली एक रीत ठरवून टाकली होती.

पहिल्या सुराआधी बुवा एक लांब श्वास घ्यायचे. चांगला ऐकू येईल असा. तो सुरू झाला की ताई बटण फिरवायची. श्वास पुरा भरला की सूर्य बुडालेला, आणि पहिला सूर आणि पहिला तारा एकाच क्षणी.

लोकांना जादू वाटायची.

"बाई, माझा श्वास तुमच्या हवाली," बुवा म्हणायचे.

"मग कांदा खाऊन येत जाऊ नका," ताई म्हणायची.

अशी वर्षानुवर्षं गेली.

मग साहेबांच्या डोक्यात ध्वनिमुद्रणाचं खूळ शिरलं. साहेब म्हणजे तारांगणाचे संचालक. बासरी एकदा भरून ठेवायची, खेळ मशीनला जोडून द्यायचा. माणूस नको, कटकट नको. ताईची झोप उडाली. दोन खेळांच्या मधे चहा पिताना बुवांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मी वाजवतोय तोवर बटण तुमच्या हातात. शब्द देतो. मी नाही भरून देणार."

ताईला तो शब्द पुरला.

त्याच वर्षी बुवा गेले. झोपेतच.

ताई खूप रडली. शनिवारचा खेळ आता बासरीविनाच करावा लागणार, असं तिने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "कशाला? बासरी आहे की आपल्याकडे."

"म्हणजे?"

"बुवांनी भरून दिली आहे. सोमवारी आपलं बंद असतं ना, तेव्हा यायचे. बरेच सोमवार आले."

ताईला त्यांनी दिलेला शब्द आठवला.

"जबरदस्ती केलीत का त्यांना?"

"मी? अहो, ते स्वतःहून आले. म्हणाले, बाईंचा हात आता मागे पडतो. माझा श्वास भरून होतो, तरी उजेड तसाच. मशीनला जोडून टाका, पण त्यांना इतक्यात सांगू नका. वाईट वाटेल."

वाईट वाटेल म्हणून...

ताईची नोकरी गेली नाही. काम गेलं. "खटका ऑटोवर टाकायचा आणि बसून राहायचं," साहेबांनी सांगितलं.

पहिल्या शनिवारी ती हात मांडीवर ठेवून बसली. सूर्य आपला आपण बुडाला. तारा उगवला. बासरी वाजली.

काहीतरी नव्हतं.

खेळ संपल्यावर तिच्या लक्षात आलं. बासरीत श्वासच नव्हता. एका सुरानंतर दुसरा, मधे काही नाही. माणसाने वाजवलेलीच वाटत नव्हती.

"सगळे श्वास कापलेत मॅडम," साउंडवाला कौतुकाने म्हणाला. "बुवा म्हणजे वाफेचं इंजिन होते. एकदम स्वच्छ करून टाकलंय."

पुढच्या शनिवारी मावळतीचा उजेड पसरला. सगळे गप्प झाले. बासरी अजून सुरू व्हायची होती.

आणि चौथऱ्याच्या बाजूने...

एक लांब श्वास.

ताईच्या मानेवर काटा आला. चौथरा रिकामा होता. तिने स्वतः त्यावर कापड टाकलं होतं.

"तू श्वास परत घातलास का रे?" तिने साउंडवाल्याला गाठून विचारलं.

"पुसून टाकले मॅडम. आता आणू कुठून?"

त्यानंतर दर शनिवारी तो श्वास येऊ लागला. एकदा फळी करकरली, कुणी जाडजूड माणूस बूड टेकतो तशी. एकदा बाहेर पडताना एक बाई ताईला म्हणाल्या, "बासरीवाले अंधारातच बसून असतात होय? आम्हाला वाटलं टेप लावली आहे. श्वास ऐकला तेव्हा कळलं. उजेड झाल्यावर दर्शन तरी द्यायचं!"

ताईने मला फोन केला. मला वाटलं घाबरली असेल. ती चक्क खुशीत होती.

"माफी मागायला आलेत रे," म्हणाली. "बटण माझ्या हातात द्यायला आलेत."

"ताई, तू रजा घे."

"रजा कसली? इतक्या वर्षांचा माणूस तोंड दाखवायला आलाय आणि मी रजा घेऊ?"

मला कुणाला थोपवता आलेलं नाही कधी.

त्या शनिवारी ताईने खटका ऑटोवरून काढला. कुणाला विचारलं नाही. बटणावर बोटं ठेवली. हात जराही थरथरत नव्हता, हे ती आजही शपथेवर सांगते.

घुमट भरलेला होता. मावळतीचा उजेड. कुणीतरी खोकलं, मग तेही थांबलं.

श्वास सुरू झाला.

ताईने बटण फिरवलं. पूर्वीसारखं, अलगद. सूर्य कडेला टेकला... अर्धा झाला... तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

श्वास पुरा भरला.

सूर्य अजून होता. नखाएवढा.

"च्च."

तिच्या कानाशी.

तो आवाज चौथऱ्यावरून आला नव्हता. डेस्कच्या मागून आला होता, अगदी खांद्यावरून वाकून कुणी करावा तसा. चहावाल्यावर, साहेबांवर, बुवांनी सगळ्यांवर "च्च" केलं होतं. ताईवर कधी केलं नव्हतं.

तिच्या बोटाला काहीतरी गार लागलं. त्याने तिचा हात बटणावरून बाजूला केला. हिसका नाही, झटका नाही. गर्दीत म्हाताऱ्या माणसाला वाटेतून सरकवावं तसा, सांभाळून.

मग खटका आपोआप ऑटोवर पडला.

खट्.

सूर्य गेला. सूर आला. तारा आला. आणि त्या कापून स्वच्छ केलेल्या बासरीच्या मधे मधे, जिथे जिथे कापलं होतं नेमकं तिथे तिथे, चौथऱ्यावरून श्वास येऊ लागले. मशीनच्या तालात. कुठेही चूक नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ताईने त्याच संध्याकाळी राजीनामा दिला आणि सरळ माझ्याकडे आली. मी पाणी दिलं. विचारलं, "खूप भीती वाटली का?"

"भीती?" ती म्हणाली. "दर शनिवारी समोर बसून चहा प्यायचो रे आम्ही. एक वाक्य बोलायला काय झालं होतं? बाई, हात मागे पडतोय. एवढंच. मी उठले असते की."

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "मला वाटलं माझ्यासाठी आलेत."

"भास झाला असेल ताई."

"मग भासाने तरी माझी बाजू घ्यायची होती."

पुढे बऱ्याच दिवसांनी मी तिला न सांगता तिथे गेलो. का गेलो, नीट सांगता येणार नाही. तिकीट काढलं आणि यंत्राजवळची खुर्ची धरली. डेस्कमागे आता कुणी बसत नाही. सगळं ऑटोवर चालतं, आणि ऑटोवर असताना ते बटण हलायचं काहीच कारण नसतं. साउंडवाल्यालाही मी आधी विचारून घेतलं होतं.

मावळतीचा उजेड पसरला. मी कान देऊन बसलो.

श्वास ऐकू आला की नाही, मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. माझाच असेल.

पण डेस्ककडे माझं लक्ष गेलं... आणि बटण फिरत होतं.

हळूहळू. अलगद. कुणीतरी बाईमाणसाचा हात धरून फिरवावं तसं.

सूर्य बुडाला. वेळेवर.

मी कसाबसा बाहेर आलो आणि ताईला फोन लावला. तिने बऱ्याच वेळाने उचलला.

"काय करते आहेस?" मी विचारलं.

"काही नाही रे. उजवा हात बधिर झालाय मघापासून. हल्ली शनिवारी दुपारी होतं असं. कुणी गार हातात घट्ट धरून ठेवल्यासारखं वाटतं. मग सुटतो आपोआप." मग तिने विचारलं, "तू कुठे आहेस? मागे एवढा गलका कसला?"

"बाजारात," मी म्हणालो.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. हातात काही दोष नाही. शनिवार येतच असतात. ताई विचारते, हे काय होतं रे मला?

मी सांगतो, वय झालं.